साउंड कार्ड? नको, ताई!

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. इतक्या रात्री तिचा फोन आला की माझ्या पोटात गोळाच येतो. पण निघालं भलतंच. भाचेबुवांना नवीन कॉम्प्युटर घ्यायचाय. दुकानदाराने मोबाईलवर कोटेशन पाठवलंय आणि त्यात सातव्या ओळीवर लिहिलंय : साउंड कार्ड, ८,२०० रुपये.

"अरे, हे काय असतं? लागतंच का? हा म्हणतो त्याच्याशिवाय आवाजच नीट येत नाही."

मागून भाच्याचा आवाज आला, "मामाला कशाला विचारतेस? तो जुन्या काळातला आहे!"

बरं बाबा, जुन्या काळातला तर जुन्या काळातला. पण जुन्या काळात मी हेच कार्ड स्वतः विकत घेतलं होतं आणि ते बरोबरच केलं होतं. म्हणून तर आज ठामपणे सांगू शकतो की आता ते घेऊ नये. ताईला फोनवर दोन मिनिटांत "नको" म्हणून सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही आणि भाच्याचं तर मुळीच नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो. आमच्या गोतावळ्यात यंदा आणखी दोन कॉम्प्युटर घेतले जाणार आहेत, त्यांच्याही कामाला येईल.

आधी जुनी गोष्ट. साल १९९८. आम्ही कामतघरला राहायचो (अजूनही राहतो). मी बाबांच्या मागे लागून कॉम्प्युटर कबूल करून घेतला होता. तेव्हा भिवंडीत सुटे भाग मिळण्याची मारामार, त्यामुळे ठाण्याला जायचं, लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी लॅमिंग्टन रोड म्हटल्याशिवाय कुणाला कळत नसे. यादी घेऊन दुकानादुकानांतून फिरलो. माझ्या मदरबोर्डवर आवाजाची काही सोयच नव्हती. कॅबिनेटमध्ये रुपयाएवढा एक स्पीकर असे, तो चालू होताना एकदा 'पीं' करायचा आणि काही बिघडलं तर तीनदा. झालं त्याचं संगीत. गाणं ऐकायचं तर वेगळं कार्ड घ्यावंच लागे. ते बोर्डाच्या खाचेत बसवायचं, सीडी ड्राइव्हपासून त्याच्यापर्यंत एक बारीक चार तारांची केबल ओढायची, मग ड्रायव्हर टाकायचा. आणि हे सगळं जमलं की मागचा अख्खा आठवडा वसूल व्हायचा.

तेव्हा 'साउंड ब्लास्टर' हे नाव साउंड कार्डाचंच दुसरं नाव झालं होतं, जसं वनस्पती तुपाला सगळे डालडा म्हणत. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ते १९८९ साली आणलं. कंपनीचे संस्थापक सिम वाँग हू २०२३ च्या जानेवारीत वारले. त्या माणसाने घरगुती कॉम्प्युटरला खरोखर वाचा दिली, हे मी कृतज्ञतेने लिहितोय. माझं भांडण त्या कार्डाशी नाही. भांडण आहे ते २७-२८ वर्षांपूर्वीची गरज आजच्या कोटेशनमध्ये सातव्या ओळीवर घुसवणाऱ्यांशी.

कारण मधल्या काळात काय झालं बघा. १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ नावाचं मानक आणलं आणि आवाजाची सोय मदरबोर्डवरच येऊ लागली. सुरुवातीला ती भिकार होती, हे मान्य. खरखर यायची, माउस हलवला की स्पीकरमध्ये किडे चावल्यासारखा आवाज यायचा. "ऑनबोर्ड साउंड वाईट" ही म्हण त्या दिवसांतली आहे आणि तेव्हा ती खरी होती. मग २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ आलं आणि बोर्डावरच्या चिपा सुधारत गेल्या. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली, तिने तर कार्डाच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. तोवर गेममधले त्रिमितीय आवाज, घुमारा वगैरेचं गणित कार्डावरची चिप करायची. व्हिस्टाने तो थेट रस्ता बंद केला आणि ते काम मुख्य प्रोसेसरकडे गेलं. प्रोसेसर एव्हाना इतके वेगवान झाले होते की त्यांना त्याचं ओझंही वाटलं नाही. म्हणजे साउंड कार्ड घेण्याची दोन मुख्य कारणं होती, एक 'बोर्डावर आवाजच नाही' आणि दुसरं 'प्रोसेसरचा भार हलका होतो'. दोन्ही संपली. कारणं गेली, पण कार्ड विकणारे आहेत तिथेच आहेत.

आता त्यांचं नवं कारण म्हणजे 'क्वालिटी'. भाच्याने मला खोक्यावरचा फोटो पाठवला. त्यावर लिहिलंय, सिग्नल टू नॉईज रेशो १२० डेसिबल. म्हणजे सगळ्यात मोठा आवाज आणि यंत्राची स्वतःची सुरसुर यांच्यात १२० डेसिबलचं अंतर. आकडा खोटा असेल असं मी म्हणत नाही. पण तो आकडा ताईच्या घरात कसा लागू पडतो ते बघू.

ताईचं घर कल्याण नाक्याच्या मागच्या बाजूला. भिंतीला भिंत लावून चोवीस मागांचा कारखाना. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे धोटे रात्रंदिवस आपटत असतात. बाहेरगावचा पाहुणा पहिल्या रात्री झोपत नाही आणि आमच्या लोकांना माग बंद पडले की जाग येते. मी तिच्या आतल्या खोलीत खिडकी लावून फोनवर आवाज मोजला. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. आकडा ५८ च्या आसपास फिरत होता. (ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता हिशेब करा. साध्या सीडीत १६ बिट असतात. एका बिटामागे साधारण ६ डेसिबल, म्हणजे ९६ डेसिबलचं अंतर. गाण्यातला सगळ्यात हळू आवाज खोलीतल्या ५८ च्या वर ऐकू यायचा, तर सगळ्यात मोठा आवाज १५४ वर न्यावा लागेल. १२०-१३० ला कान दुखायला लागतात. म्हणजे सीडीचं अंतरसुद्धा त्या खोलीत पुरतं वापरता येत नाही, आणि आपण १२० वाल्या कार्डासाठी ८,२०० मोजणार! बंद कपांचे हेडफोन लावले तर बाहेरचा आवाज थोडा अडतो, पण मागाचा तो खालचा घुमारा काही जात नाही. यंत्राची सुरसुर मागाच्या खडखडाटाखाली कधीच गाडली गेलेली असते. पावसात उभं राहून छत्रीच्या दांड्यावरची धूळ पुसण्यातला हा प्रकार आहे.

यावर भाच्याचं उत्तर ठरलेलं : "मामा, पण फरक कळतो. मित्राकडे ऐकलंय मी."

ठीक आहे, ऐकूया. शुक्रवारी शेजारचा कारखाना बंद असतो, तेव्हा गेलो. भाच्याने मित्राचं कार्ड मागून आणलं होतं. ते ताईकडच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. एकच गाणं, एकच हेडफोन, एकदा बोर्डाच्या मागच्या भोकातून आणि एकदा कार्डातून. भाचा पाठमोरा बसला, अदलाबदल मी करत होतो. पहिल्या फेरीत त्याने दर वेळी कार्ड बरोब्बर ओळखलं! विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. मग मी खिशातून मल्टिमीटर काढला, दोन्हीकडून १०० हर्ट्झचा एकच सूर वाजवला आणि व्होल्टेज मोजलं. कार्डाचा आवाज मुळातच मोठा होता. एवढंच. आपल्या कानाला जरासा मोठा आवाज 'जास्त चांगला' वाटतो, हे दुकानदारांना आपल्या आधी कळलेलं असतं. दोन्हीचा आवाज सारखा करून पुन्हा बारा वेळा ऐकवलं. सात वेळा बरोबर, पाच वेळा चूक. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते.

हा फक्त आमच्या घरचा पोरखेळ नाही. अमेरिकेत ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी मध्येच साध्या सीडीच्या दर्जाची अडवणूक घातली आणि ऐकणाऱ्यांना विचारलं, ओळखा आता कुठलं चालू आहे. एकूण ५५४ वेळा विचारलं. त्यात २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे निम्मीसुद्धा धड नाहीत. आणि ऐकणाऱ्यांत ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातले लोकही होते. त्यांची जिथे ही गत, तिथे भाचेबुवांनी मान खाली घालायचं कारण नाही. त्याने घातलीही नाही म्हणा.

"मग तो घूंऽऽ आवाज येतो त्याचं काय?" हा ताईचा प्रश्न. हा मात्र खरा प्रश्न आहे आणि भिवंडीतला तर फारच. जुन्या चाळींत, मागाच्या खोल्यांवर चढवलेल्या घरांत अर्थिंग बहुतेक वेळा नावालाच असतं. सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार असेलच असं नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचाच हा गुंजारव, ५० चा आणि १०० चा. आता विचार करा, नवं कार्ड कुठे बसतं? त्याच कॅबिनेटात, त्याच पॉवर सप्लायवर, त्याच पत्र्याला स्क्रूने आवळलेलं. मग ते त्या घूंकारापासून वाचणार कसं? आजारी माणसाच्या अंथरुणात दुसरा माणूस झोपवल्यासारखं झालं. आधी वायरमनला बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या भोकात न लावता मागच्या भोकात लावा, कारण पुढच्या भोकापर्यंत जाणारी वायर आतल्या सगळ्या गोंगाटातून जाते. अर्ध्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, हा माझा अनुभव. आणि हो, आवाज जावा म्हणून अर्थिंगची पिन कापायची नाही! आमच्या ओळखीत एकाने हा पराक्रम केला आणि नंतर कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या.

आता एकतर्फी वाद घालतो असं कुणी म्हणू नये, म्हणून जिथे माझं म्हणणं तोकडं पडतं ते सांगतो. बोर्डावरचं भोकच बिघडलं असेल तर काहीतरी घ्यावंच लागेल. कुणाकडे २५०-३०० ओमचे, स्टुडिओत वापरतात तसले हेडफोन असतील तर काही बोर्डांना ते झेपत नाहीत, आवाज मरगळतो. आणि कुणाला गाणं, तबला, पेटी रेकॉर्ड करायची असेल तर चांगल्या माइकसाठी बोर्डावरची सोय खरंच कामाची नाही. पण या तिन्ही ठिकाणी उत्तर कॅबिनेटच्या आत नाही, बाहेर आहे. यूएसबीला लावायचा डीएसी किंवा ऑडिओ इंटरफेस. तो कॅबिनेटमधल्या गोंगाटापासून दूर राहतो, आणि कॉम्प्युटर बदलला किंवा लॅपटॉप घेतला तरी सोबत येतो. नुसत्या ऐकण्यासाठी तर मोबाईलला लावायची ती बोटभर लांबीची, हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळणारी डोंगलसुद्धा पुरते. तिच्यातही स्वतःचा डीएसीच असतो. भाचा यातलं काहीही करणार नाही. तो गेम खेळणार, गाणी ऐकणार आणि अधूनमधून अभ्यासाचे व्हिडिओ बघणार.

इथपर्यंत हिशेब झाला. आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

१९९८ मध्ये ते कार्ड बसवून झालं तेव्हा बाबा पाळीवरून आले होते. ते जॉबर होते, एकतीस वर्षं मागांच्या मध्ये उभे राहिले. कापूस घालायची पद्धत नव्हती, कानाचं संरक्षण हा शब्दच कुणी ऐकलेला नव्हता. कारखान्यात सगळे हातवाऱ्यांनी बोलायचे. मी मोठ्या ऐटीत त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, बाबा, ही झांज ऐका, किती स्पष्ट येतेय. त्यांनी ऐकलं, मान हलवली, म्हणाले, "छान आहे." मी विचारलं, "झांज ऐकली ना?" ते म्हणाले, "कुठली झांज?"

मी तेव्हा हसलो. वाटलं, बाबांना गाण्यातलं कळत नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी ऑडिओग्राम काढला तेव्हा कळलं. आलेखाची रेघ ४००० हर्ट्झपाशी दरीत कोसळावी तशी कोसळली होती. मागावर काम करणाऱ्यांचं असंच होतं, हे जगाला फार आधीपासून माहीत होतं. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात तागाच्या मागांवर काम करणाऱ्या विणकरांचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झालाय. ४००० हर्ट्झच्या आसपासचं नुकसान मुख्यतः पहिल्या दहा-पंधरा वर्षांत होतं आणि पुढे ते बोलण्याच्या पट्टीत शिरतं, असं त्यात दिसलं. आमच्या घरी त्याचं रूप असं : बाबांना 'स' ऐकू येत नाही. वाण्याने 'साठ' म्हटलं की त्यांना 'आठ' ऐकू येतं. ते आठ रुपये पुढे करतात, वाणी हसतो, मागचं गिऱ्हाईक हसतं. आता ते वाण्याकडे जात नाहीत. नातवाने फोनवर "आजोबा, ऐका ना" म्हणून काही वाजवलं तर ते अजूनही मान हलवून "छान आहे" म्हणतात.

ताई, तुझ्या पोराच्या कानाला भिंतीपलीकडच्या मागांचा आवाज जन्मापासून आहे. तो खडखडाट दाबायला तो हेडफोनचा आवाज वाढवतो. मी त्या शुक्रवारी बघितलं, कारखाना बंद असतानाही त्याची पट्टी सवयीने वरच होती. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगतो. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, तेही मोठ्या माणसाला. लहानांसाठी मर्यादा ७५ ची. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० वर गेलं की आठवड्याचे चार तास. आठवड्याचे! आमचे भाचेबुवा चार तास एका संध्याकाळी संपवतात.

म्हणून माझं भांडण ८,२०० रुपयांचंही नाही, जरी भाऊजींचा धंदा यंदा कसा चाललाय ते मला माहीत आहे. माझं म्हणणं इतकंच की चांगल्या आवाजासाठी पैसे खर्च करायचेच असतील तर ते कानाच्या जवळच्या टोकाला करा. दोन-अडीच हजाराचे, कानाभोवती नीट बसणारे बंद हेडफोन घ्या. बाहेरचा आवाज जितका अडेल तितकी पट्टी खाली ठेवता येईल, आणि आवाजातला खरा फरकही हेडफोननेच पडतो, कार्डाने नाही. खिडकीच्या फटींना रबर लावून घ्या. अर्थिंग तपासा. उरलेल्यातून पोराची एकदा कानाची तपासणी करून आणा, म्हणजे आज रेघ कुठे आहे ते लिहून ठेवता येईल. बाबांची अशी रेघ कुणीच लिहून ठेवली नव्हती.

हे सगळं भाच्याला तोंडी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मित्राचं कार्ड तर आमच्याच इथल्या गोदामातून आलं होतं, राहनाळवरून. त्याने ऑर्डर केलं आणि दुसऱ्या दिवशी घरी." मी म्हटलं, "म्हणजे सगळ्या देशाला माल इथूनच जाणार आणि आपण अर्थिंगशिवाय राहणार." तो हसला. पटलं असं म्हणाला नाही.

काल दुकानदाराने सुधारित कोटेशन पाठवलं. सातवी ओळ गेली आहे. त्या जागी 'रंगीत दिव्यांचे पंखे, ३ नग' अशी ओळ आली आहे.

ताई, आज रात्री पुन्हा फोन कर.